साखरेची बाटली

धाकट्या इसरूच्या तोंडाला मोहाचा वास येत होता, आणि तो वास बाबाच्या नाकापर्यंत जाऊ द्यायचा नाही असं रंजीतानं ठरवून टाकलं होतं.

तिला खात्रीच होती. मोहफुलं पडायचे दिवस. टोल्यातल्या, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्तीतल्या, प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली. अंथरुणाला वास, ओढणीला वास, कुत्र्याच्या अंगालाही वास. पण अंगणातल्या फुलांचा वास निराळा आणि पोटात जाऊन परत वर आलेल्या मोहाचा वास निराळा, एवढं टोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. इसरू सकाळी झाडाखाली फुलं वेचता वेचता दोनदा धडपडला, भरलेली टोपली लवंडून तिच्याच बाजूला बसला आणि मग तिथंच ओकला. डोळे खोल गेलेले, बोलणं जड. दहा वर्षांचा पोट्टा आणि हे धंदे. रंजीताला आधी हसूच आलं.

मग भीती वाटली, कारण बाबा. दसरू म्हणजे साधा, कमी बोलणारा माणूस; पण देवाच्या नावानं पळसाच्या पानावर सांडायचे दोन थेंब सोडले तर घरात लहान पोरांच्या आसपास दारू दिसलेली त्याला खपत नसे. त्यानं हा वास घेतला असता तर इसरूची पाठ सोलून निघाली असती. आई बाळंतीण, तिसरं लेकरू अजून महिन्याचंही नाही. तिच्या डोक्याला हा ताप कशाला? आणि रंजीता काही आता लहान नव्हती. अकरावीची परीक्षा देऊन ती होस्टेलवरून घरी आली होती. यंदा गॅदरिंगला तिनं पहिल्यांदा हातात माईक धरला, अख्ख्या शाळेसमोर मराठीत बोलली, एकदाही अडखळली नाही, आणि तेव्हापासून जगातलं कुठलंही काम आपल्याला जमेल असं तिला वाटत होतं. भावाची उतरवणं हे काय काम झालं?

होस्टेलातली चंचल सांगायची, तिच्या मामाची उतरवायला लिंबू-साखरेचं पाणी देतात, साखर मात्र सढळ हातानं. रंजीतानं स्वयंपाकघरातून डबा पळवला आणि गोडमिट्ट पाणी केलं. इसरूनं गटागटा पिऊन भांडं पुढं केलं. आणखी दिलं. तेही संपलं. पाण्याचं तर त्याला महिनाभर वेडच लागलं होतं. आई म्हणायची, याच्या पोटाले भोक पडलं. रात्री उठून उठून बाहेर जायचा, आणि आताशा अंथरूणही ओलं करायला लागला होता. चड्डी कमरेवर राहत नव्हती म्हणून बाबानं सुतळी बांधून दिली होती. सगळे हसायचे. इसरूही हसायचा.

ऊन चढलं तसं ते हसणं थांबलं. इसरू खाटेवर पडला होता आणि त्याचा श्वास धावत होता. पोरगा निजलेला आणि छाती अशी वरखाली, जशी अस्वल मागं लागल्यावर माणसाची व्हावी. हाक मारली तर डोळे उघडी, 'एर' म्हणे, म्हणजे गोंडीत पाणी, आणि पाणी पाजलं की ओकून टाकी. बाबा जंगलातून आला, वाकला, त्याच्या तोंडाशी नाक नेलं. रंजीता मार चुकवायला मध्ये सरकली. पण बाबानं हात उगारला नाही. त्यानं फक्त गाडी काढली.

मोटारसायकलवर पुढं बाबा, मागं रंजीता, मध्ये इसरू, आणि तिघांना बांधून घालणारी रंजीताची ओढणी. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळा रस्ता मोहाच्या झाडांखालून जातो. जागोजागी माणसं वाकून फुलं वेचत होती. कोणी हात केला, कोणी हाक मारली. बाबानं मान वळवली नाही. इसरूचा गरम श्वास रंजीताच्या मनगटावर पडत होता आणि त्या श्वासाला तोच गोडसर, आंबूस वास. अख्खं जंगलच या पोराच्या आत शिरून सडायला लागलंय, असं तिला वाटून गेलं, आणि तिनं डोळे गच्च मिटले.

दवाखान्यात डॉक्टर होत्या पुनम मॅडम. बल्लारपूरच्या, नवीनच आलेल्या, बोलायला एकदम आपल्यासारख्या. रंजीतानं त्यांना बाजूला ओढलं आणि कानात सांगितलं की बाबाले सांगू नका, पण यानं मोहाची घेतली हाये. मी लिंबू-साखरेचं पाणी दिलं तरी उतरली नाई.

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. मग त्या इसरूच्या तोंडाशी वाकल्या, बराच वेळ तशाच राहिल्या, आणि उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. पाणी फार पितो का? लघवी फार करतो का? वाळला का? रंजीता प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेली आणि प्रत्येक हो बरोबर तिच्या पायाखालची जमीन थोडी थोडी सरकत गेली. रीता सिस्टरनं इसरूच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब मशीनच्या पट्टीला लावला. मशीनवर आकडा आलाच नाही. इंग्रजीत 'हाय' एवढीच अक्षरं आली. मशीननं रामराम घातला की काय, असं रंजीताच्या मनात येऊन गेलं आणि त्या विचाराची तिला लगेच लाज वाटली. साखर इतकी जास्त होती की मशीनकडं आकडाच नव्हता.

"हा दारूचा वास नाही," मॅडम म्हणाल्या.

मग शीर शोधता शोधता त्यांनी बाबाला समजावलं. खाल्लेल्याची साखर होते, ती अंगात शिरायला इन्शुलिन लागते. इसरूच्या अंगात ते बनणंच बंद झालं. साखर रक्तात तुंबून राहिली आणि अंग उपाशी. उपाशी अंग स्वतःचीच चरबी जाळते, त्याचं आम्ल होते, ते रक्तात चढते. वास त्याचा. श्वास धावतो तोही त्या आम्लाला बाहेर फेकायला.

बाबानं सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या पद्धतीनं सगळ्याची एक मोळी बांधली. "म्हंजे साखर मारून राह्यली याले."

सुई शिरेत जात नव्हती, पोरगं इतकं सुकलेलं. मॅडमचं सगळं लक्ष तिथं. "असंच समजा भाऊ," त्या म्हणाल्या.

रंजीतानं भिंतीला पाठ टेकवली. साखरेचा तो डबा तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. मॅडमनी ते ओळखलं असावं. जाता जाता म्हणाल्या, तुझ्या पाण्यानं हा आजार झाला नाही, महिन्याभरापासून चालला होता. पण बाबा ते ऐकायला तिथं नव्हता. तो व्हरांड्यात जाऊन, तोंडावर गमछा धरून उभा होता.

खरं तर अशा पोराला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. पण अँब्युलन्स एका अडलेल्या बाईला घेऊन गडचिरोलीला गेलेली, आणि मोटारसायकलवर सलाईन लटकवता येत नाही. म्हणून इथंच. फ्रिजात इन्शुलिन होतं, सलाईन होतं, मॅडम होत्या. नव्हतं ते रक्तातलं पोटॅशियम मोजायचं यंत्र. इन्शुलिन दिलं की हे पोटॅशियम खाली घसरते आणि फार घसरलं तर काळीज थांबू शकते, असं मॅडम सिस्टरला सांगत होत्या, हळू आवाजात, पण रंजीताचे कान होस्टेलात वाढलेले. म्हणून आधी नुसतं सलाईन, मग इसरूला लघवी होईपर्यंत वाट, मग छातीला तारा लावून कागदावर काळजाच्या रेघा काढणं, आणि त्या रेघांकडं टक लावून बघणं. एखाद्यानं विहिरीत न उतरता वरूनच पाण्याचा अंदाज घ्यावा, तसं. शेवटी मॅडमनी सलाईनमध्ये पोटॅशियमचं औषध मिसळलं आणि इन्शुलिनची पहिली सुई दिली.

मशीनच्या पट्ट्याही डब्याच्या तळाला गेलेल्या. सुई तासातासाला द्यायची, पण साखर दर वेळी बघायची नाही, एकाआड एक बघायची, असं ठरलं. दुसरा उपाय नव्हता.

"तुले बोलता येते ना?" मॅडमनी रंजीताला विचारलं.

"येते ना मॅडम. सर म्हणतात, जरा जास्तच येते."

"मग बोलत राहा याच्यासंगं. प्रश्न विचार. उत्तर चुकीचं आलं, डोकं दुखते म्हणाला, अंगाला थंड घाम आला, तर मी कुठीही असली तरी हाक मार. मी कोणाच्या बाळंतपणात असली तरी."

त्या क्षणी तिला कळलं की सुई-औषधाइतकंच हेही काम आहे, आणि ते आपल्यावर आलंय. तिनं स्टूल ओढलं. इसरू, बकरीचं नाव काय? इसरू, तुझ्या शाळेत फळ्याच्या बाजूला काय टांगलंय? इसरू, बाळाचं नाव काय ठेवायचं? तो एकेक शब्द खोल पाण्यातून उपसून आणल्यासारखा वर आणायचा आणि परत बुडायचा. बाळाचं नाव त्यानं 'भेंडी' सांगितलं. हे चुकीचं उत्तर की गंमत, ते ठरवेपर्यंत रंजीताचा जीव अर्धा झाला. मग त्याच्या ओठाचा कोपरा हलला, आणि तिनं त्याच्या दंडावर एक हलकी चापट मारली. खाटेच्या त्या बाजूला बसलेल्या बाबाच्या तोंडावरचा एक स्नायूही हलला नाही. तो सलाईनच्या थेंबांकडं बघत होता. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, खिडकीबाहेर ऊन पांढरंफटक, आणि खोलीत फक्त इसरूच्या श्वासाचा आवाज, करवतीसारखा, पुढं-मागं, पुढं-मागं.

दुपार कलली तेव्हा मशीननं पहिल्यांदा आकडा दाखवला. पुढच्या खेपेला तो आणखी उतरला. सिस्टर म्हणाली, दसरूभाऊ, साखर उतरून राह्यली बरं. बाबा उठून उभाच राहिला. मग आता घरी न्यायचं का, असं त्यानं विचारलं, आणि सिस्टर हसली, अहो घरी कुठी, आता तर निम्मं झालं.

मॅडम आल्या, त्यांनी इसरूचा श्वास मोजला. साखर उतरली होती पण श्वास अजून धावतच होता. म्हणजे आम्ल आतच होतं. ते जायला इन्शुलिन लागते, इन्शुलिन थांबवायचं नाही. पण मग साखर फार उतरेल, म्हणून आता सोबत ग्लुकोजची बाटली. हे सगळं मॅडम बोलल्या ते अर्धं इथं आणि अर्धं दारातून, कारण प्रसूतीच्या खोलीतून आरडाओरडा सुरू झाला होता. सिस्टरनं नवी बाटली टांगली आणि तीही धावली.

बाबानं बाटलीकडं बघितलं. "यात काय हाये?"

"ग्लुकोज," रंजीता म्हणाली.

"म्हंजे?"

"साखर, बाबा. विज्ञानात हाये आमच्या." आणि ती फोन लावायला बाहेर गेली, कारण टोल्यावर कोणाला तरी गाठून आईला निरोप द्यायचा होता. साखर उतरली म्हणून सांगायचं होतं. आनंदाची बातमी द्यायची तिला घाई झाली होती.

फोन लागायला वेळ लागला. टोल्यावर रेंज एकाच टेकाडावर, आणि तिथं कोणी असलं तर. शेवटी शेजारच्या दीपिकाला गाठलं, निरोप दिला, आणि दीपिकानं उलट शंभर प्रश्न विचारले. रंजीतानंही शंभर उत्तरं दिली, आम्ल, इन्शुलिन, काळजाच्या रेघा, सगळं, जसं काही तीच डॉक्टर.

ती आत आली तेव्हा खोली शांत होती. बाबा आता खाटेच्या या बाजूला, सलाईनच्या दांडीला लागून बसला होता. त्याचा हात दांडीवर. इसरू झोपलेला.

"झोपू दे त्याले," बाबा म्हणाला. "दिवसभर बोलवून बोलवून थकवला तू."

त्याचं म्हणणं चूक वाटलं नाही. रंजीता स्टुलावर बसली. श्वासही जरा संथ वाटत होता. तिनं मनातल्या मनात हुश्श केलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. किती वेळ बसली ते तिलाही सांगता आलं नसतं. मध्ये रीता सिस्टर धावत आली, इसरूला इन्शुलिनची सुई दिली आणि पुन्हा प्रसूतीच्या खोलीकडं पळाली. सावली भिंतीवर चढली. इसरूचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, तो वर ठेवायला म्हणून तिनं धरला.

हात थंड होता. नुसता थंड नाही, ओला. एवढ्या उकाड्यात नदीतून काढलेल्या माशासारखा. तिनं कपाळाला हात लावला, तिथंही पाणी. "इसरू, बकरीचं नाव काय?" काहीच नाही. तिनं गालावर थापटी मारली. पापण्या हलल्या, आतून नुसतं पांढरं दिसलं.

त्याच वेळी सिस्टर पुढची सुई भरून दारातून आत आली. या खेपेला साखर बघायची पाळी होती, पण आधी सुई, मग पट्टी, अशी तिची घाई. तिनं इसरूचा दंड धरला.

रंजीताची नजर दंडावरून नळीवर गेली, नळीवरून वर त्या छोट्या काचेसारख्या डबीवर, जिथं थेंब पडतो. थेंब पडत नव्हता. बाटली मघाशी होती तितकीच भरलेली. नळीवरची चक्री तळापर्यंत दाबलेली.

"थांबा सिस्टर," ती म्हणाली. "सुई नका देऊ. बाटली बंद हाये."

"कोणी बंद केली?"

रंजीताला कळलं होतं. दांडीवरचा हात, बदललेली जागा, झोपू दे त्याले. अख्ख्या शाळेसमोर न अडखळलेली ती पोरगी इथं तीन माणसांसमोर अडखळली. बापाचं नाव घ्यायचं, परक्या बाईसमोर, त्याच्या तोंडावर. आणि सिस्टरच्या हातात सुई तशीच.

"बाबानं," ती म्हणाली. "मघाशीच केली. मंधातली सुई बाटली बंद असतानाच गेली."

मग सगळं एकदम झालं. सिस्टरनं सुई ट्रेमध्ये टाकली, बोट टोचलं, मशीन धरलं आणि आकडा बघून मॅडमच्या नावानं अशी हाक दिली की व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. मॅडम तशाच आल्या, कोपरापर्यंत हातमोजे, ते ओढून फेकत. जाड सिरिंजमधून त्यांनी सावकाश ग्लुकोज शिरेत सोडलं. फार सावकाश. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता आणि तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. रंजीतानं आपल्या ओढणीनं तो पुसला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाबा भिंतीला लागून उभा होता. "साखर मारून राह्यली म्हणे," तो कोणाला तरी सांगत होता, बहुतेक भिंतीलाच. "मंग साखरेचीच बाटली लावली. मी वाचवून राह्यलो होतो त्याले."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं नाही, पण त्यांचा हात एक क्षण थबकला. "मीच म्हटलं होतं तुम्हाले, असंच समजा म्हणून," त्या म्हणाल्या, आणि परत सिरिंजचा दट्ट्या दाबू लागल्या.

इसरू लगेच जागा झाला नाही. सिनेमात होते तसं नाही झालं. आधी बोटं हलली, मग तो कण्हला, मग खूप वेळ काहीच नाही. त्या खूप वेळात रंजीतानं जंगलातल्या सगळ्या देवांना बोलावून घेतलं, पेनांना आणि मातांना, ज्यांची नावं येत होती त्यांना नावानं आणि ज्यांची येत नव्हती त्यांना नुसतं अजी म्हणून. शेवटी पापण्या उघडल्या आणि त्यांच्यात डोळे होते. काळे, भांबावलेले, पण डोळे. बकरीचं नाव विचारलं तर त्यानं ते सांगितलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगितलं.

"अजून झालं नाही," मॅडम म्हणाल्या. "श्वास बघ त्याचा."

श्वास पुन्हा धावत होता. आत जमलेलं आम्ल एवढ्यात हार मानणारं नव्हतं. मघाचा संथपणा आराम नव्हताच, हे आता तिला कळत होतं.

उन्हं झाडांच्या शेंड्यावर गेली तेव्हा अँब्युलन्स आली. सलाईन, ग्लुकोज, बर्फात ठेवलेलं इन्शुलिन, उरलेल्या पट्ट्या, सगळं सिस्टरनं बांधून दिलं. गाडीतल्या डॉक्टरांना मॅडमनी इत्थंभूत सांगितलं आणि मग विचारलं, सोबत कोण जाणार? एकच माणूस बसेल.

मोठं माणूस जाणार, हे उघडच होतं. रंजीतानं इसरूची चप्पल बाबाच्या हातात दिली. बाबानं ती घेतली नाही.

"तू जा," तो म्हणाला.

"बाबा, तिथी सह्या लागतात, मी लहान—"

"मी सकाळी मागून येतो गाडीवर. सह्या तवा करतो." मग तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "बाटलीजवळ मले नको बसवू. माया हाताचा मलेच भरोसा नाई राह्यला."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. तिच्याकडं शब्दांची कधी कमी नव्हती. साऱ्या होस्टेलला तिच्या शब्दांचा वैताग होता. पण विज्ञानात हाये आमच्या, असं म्हणून टेचात बाहेर गेलेली मुलगीही तीच होती. म्हणून तिनं नुसता बाबाचा हात धरून दाबला, चढली, आणि दार लागलं.

गाडी जंगलात शिरली तशी आत अंधारल्यासारखं झालं. वळणावर बाटली हेलकावे खायची आणि गाडीतले डॉक्टर हात वर करून तिला आवरायचे. थेंब पडत होता. रंजीता थेंबाकडं बघे, मग छातीकडं, मग तोंडाकडं, आणि पुन्हा थेंबाकडं.

"इसरू, आपण कुठी चाललो?"

"गडचिरोलीले."

"कशात बसून?"

तो गप्प. रंजीताचा हात त्याच्या कपाळावर गेला. कपाळ कोरडं, गरम. तिनं आणखी जवळ जाऊन विचारलं, कशात बसून चाललो, सांग ना, इसरू. डॉक्टरांनीही मान वळवली.

इसरूनं डोळे उघडले. "किती बोलते वं तू," तो म्हणाला. "चूप बस ना."

डॉक्टर हसले. रंजीतानं ओढणीनं डोळे पुसले, नाक पुसलं. त्याची छाती अजून तशीच, मागं काहीतरी लागल्यासारखी, आणि रस्ता अजून बराच बाकी. ती चूप बसली नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला.